‘तालीम’ म्हणजे केवळ कुस्तीची जागा नव्हे

‘तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, नाटकाची तालीम म्हणणे अशुद्ध’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. मराठवाड्यात हळद, ताक आणि तेल मुरवलेल्या तांबड्या मातीचा हौद असलेल्या वास्तूलाच तालीम म्हणतात, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शिकवणे असा आहे. इल्म म्हणजे ज्ञान आणि मुअल्लिम म्हणजे शिक्षक हे त्याच धातूपासून झालेले शब्द. म्हणूनच वस्ताद डाव शिकवतात ती जागाही तालीम आणि नाटकाचा सराव हीदेखील तालीमच. माझ्या मते दोन्ही प्रयोग सारखेच शुद्ध आहेत. पडताळा घ्यायचा असल्यास परभणी-नांदेडकडच्या उर्दूभाषक शेजाऱ्यांना मुलांच्या तालीमबद्दल विचारावे. ते आखाड्याविषयी नव्हे, शाळेविषयी बोलू लागतील.