शक्ति-वजन गुणोत्तर : शर्यतीच्या कार्ट व मोटारगाड्या

इंजिनाच्या कमाल शक्तीला वाहनाच्या वजनाने भागले असता येणारा अंक. वाहन किती झपाट्याने वेग घेईल याचा पहिला अंदाज त्यावरून बांधतात. तो बहुधा टनामागे अश्वशक्ती असा देतात. जर्मन परंपरेत मात्र उलट, अश्वशक्तीमागे किलोग्रॅम असा देतात आणि तेथे लहान अंक चांगला. कार्ट (शर्यतीची लहान, उघडी चारचाकी) ही सुपरकारच्या तोडीची असते, हे विधान याच गुणोत्तराच्या आधारे केले जाते. वजनात चालक धरला आहे की नाही, हे स्पष्ट केल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नाही.

चालकाच्या वजनाचा प्रश्न कार्टइतकाच जुना आहे. पहिली कार्ट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी बांधली, असे सामान्यतः मानले जाते. इंडियानापोलिस शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात ते काम करीत. काही लेखक लू बोरेली यांना सहनिर्माते मानतात, तर काही जण डफी लिव्हिंग्स्टन यांना अधिक श्रेय देतात. लिव्हिंग्स्टन यांच्या गो कार्ट कंपनीने १९५८ च्या सुमारास या वाहनाला बाजारपेठ मिळवून दिली. तथापि बांधणीचा मान इंगेल्स यांना आणि इंजिनावरील कामाचा बोरेली यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. इंजिन वेस्ट बेंड कंपनीचे, गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनवलेले व सुमारे अडीच अश्वशक्तीचे होते. धिप्पाड इंगेल्स यांना ओढताना ते अपुरे पडे, म्हणून बोरेली यांनी त्यात फेरफार केले, असे सांगितले जाते. मॅककलक कंपनीचे एमसी-१० हे १९५९ मधील इंजिन खास कार्टसाठी विकले गेलेले आरंभीचे इंजिन समजतात; त्याचे मूळ लाकूड कापण्याच्या साखळी-करवतीच्या इंजिनात होते.

जुने आकडे ताडताना एककांकडे लक्ष द्यावे लागते. ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॅट, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅट, हा फरक दीड टक्क्याच्या आतला आहे. खरी अडचण अमेरिकी आकड्यांची आहे. १९७२ च्या सुमारापर्यंत तेथील कारखाने पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर वगळून मोजलेली ढोबळ शक्ती जाहीर करीत, त्यामुळे त्या काळातील गाड्यांची गुणोत्तरे फुगलेली दिसतात. वजनाचेही तसेच. जर्मन डीआयएन पद्धतीच्या वजनात चालक नसतो, युरोपीय संघाच्या पद्धतीत ७५ किग्रॅ. धरलेले असतात आणि ‘कोरड्या’ वजनात तर इंधन-तेलही नसते.

आंतरराष्ट्रीय शर्यतींतील केझेड वर्गाची कार्ट १२५ घ. सेंमी.चे द्विधाव (टू-स्ट्रोक) इंजिन व सहा गिअर वापरते. तिची शक्ती सुमारे ४८ अश्वशक्ती असते. नुसती कार्ट १०० किग्रॅ. धरली तर टनामागे ४८० अश्वशक्ती पडतात. पोर्शे ९११ जीटी३ (५१० अश्वशक्ती, डीआयएन वजन १,४३५ किग्रॅ.) ३५५ वर थांबते. आता दोन्हींत चालक बसवावा. कार्टचे चालकासह वजन सुमारे १७५ किग्रॅ. होते व गुणोत्तर २७४ वर येते. पोर्शेचे जेमतेम ३३८ पर्यंत उतरते. क्रम उलटतो. ज्याला रिकाम्या वाहनाची नव्हे, तर शर्यतीची तुलना करायची आहे, त्याने चालकासह मोजण्याची ही दुसरी पद्धतच स्वीकारावी. फॉर्म्युला वनच्या नियमांत ती आहेच : २०२४ मधील ७९८ किग्रॅ. ही किमान मर्यादा इंधनाशिवाय पण चालकासह होती. शक्ती ढोबळमानाने १,००० अश्वशक्ती मानल्यास गुणोत्तर १,२५० च्या आसपास येते. कार्टच्या बाजूने सर्वांत वर असलेली २५० घ. सेंमी.ची सुपरकार्ट चालकासह ४५० च्या जवळपास जाते. कोनिगसेग वन:१ (२०१४) या सुपरकारच्या नावातील गुणोत्तर म्हणजे १,३६० किग्रॅ.ला १,३६० अश्वशक्ती.

चालक १० किग्रॅ.ने जड असेल तर केझेड कार्टचे गुणोत्तर ५ टक्क्यांहून अधिक घसरते, पोर्शेचे एका टक्क्यापेक्षाही कमी. कार्टच्या प्रत्येक वर्गात चालकासह किमान वजनाची अट असते आणि हलक्या चालकाच्या आसनाला शिशाच्या वड्या बोल्टने आवळतात, ते यामुळेच.

गुणोत्तर समान असूनही वेग घेण्याची ताकद समान नसते. २०१६ पासूनच्या ओके वर्गाच्या कार्टला गिअर नाहीत. सुमारे ४० अश्वशक्ती व चालकासह १५० किग्रॅ. धरल्यास तिचे गुणोत्तर २६७, म्हणजे केझेडच्या अगदी जवळ. पण द्विधाव इंजिन दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या (आरपीएम) अरुंद पट्ट्यातच जोर धरते. संथ वळणातून बाहेर पडताना केझेडचा चालक गिअर बदलून त्या पट्ट्यात राहतो, ओकेच्या चालकाला फेऱ्या चढेपर्यंत थांबावे लागते. दुसरी मर्यादा हवेची. तिचा अडथळा वजनावर नव्हे, तर समोरच्या क्षेत्रफळावर व आकारावर ठरतो, आणि उघड्यावर ताठ बसलेल्या चालकामुळे कार्टचा आकार वाईट असतो. शिवाय हा अडथळा कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की आठपट शक्ती हवी. त्यामुळे छोट्या ट्रॅकवर मोटारीला मागे टाकणारी कार्ट लांब सरळ रस्त्यावर तिच्या जवळही राहत नाही. वळणातील कार्टची चपळाई कमी वजन, जमिनीलगतचा गुरुत्वमध्य व रुंद टायर यांमुळे येते. ती या गुणोत्तरात दिसत नाही.

भारतात रोटॅक्स मॅक्स इंजिनांची राष्ट्रीय स्पर्धा होते व तिच्या फेऱ्या कोल्हापूरजवळील मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवरही झाल्या आहेत. या मालिकेच्या वरिष्ठ गटातील सुमारे ३० अश्वशक्तीच्या कार्टचे चालकासह गुणोत्तर १८५ च्या आसपास येते. भाड्याच्या कार्टचा वर्ग वेगळा. होंडाचे २७० घ. सेंमी.चे, साधारण ८.५ अश्वशक्तीचे चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) इंजिन, भोवती जाड बंपर आणि आत प्रौढ माणूस, असे मिळून दोनशे किलोंच्या वर जाते व गुणोत्तर चाळीसच्या आसपास राहते. ३७ अश्वशक्तीच्या मारुती ८०० चे, एकटा चालक धरून, पन्नासच्या किंचित वर आहे.