ट्रॅक्स्लर प्रतिहल्ला

ट्रॅक्स्लर प्रतिहल्ला हा बुद्धिबळातील ‘दोन घोड्यांचा बचाव’ या सुरुवातीचा काळ्या बाजूने खेळला जाणारा अत्यंत आक्रमक प्रकार आहे. दोन्ही राजांपुढील प्यादी ई४ व ई५ वर (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, अंक म्हणजे आडवी ओळ) आल्यानंतर पांढरा घोडा एफ३ वर, काळा घोडा सी६ वर, पांढरा उंट सी४ वर आणि काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर येतो. चौथ्या खेळीत पांढरा घोडा जी५ वर झेपावतो आणि उंटाच्या साथीने एफ७ या घरावर रोख धरतो. त्या घराला केवळ राजाचा आधार असल्याने काळा बहुधा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो. येथे मात्र तो धमकीकडे दुर्लक्ष करून आपला उंट सी५ वर आणतो आणि एफ२ या पांढऱ्याच्या तितक्याच दुबळ्या घरावर नेम धरतो.

कारेल ट्रॅक्स्लर (१८६६–१९३६) हे चेक कॅथलिक धर्मगुरू व बुद्धिबळ-कूटांचे, म्हणजे पटावरील कोड्यांचे, रचनाकार होते. १८९० मध्ये राइनिश यांच्याविरुद्धच्या डावात त्यांनी हाच प्रतिहल्ला खेळून नवव्या खेळीत वजीर मारू दिला, पांढऱ्या राजाला पटाच्या मध्यातून वजिराच्या बाजूला हुसकावत नेले आणि सतराव्या खेळीत साध्या प्याद्याने मात केली. हा डाव कूटाइतकाच रेखीव आहे. अमेरिकेत हाच प्रकार पेनसिल्व्हेनियातील शहरावरून ‘विल्क्स-बॅरी’ म्हणून ओळखला जातो.

एफ७ वरील प्यादे घोड्याने मारल्यास वजीर व हत्ती एकाच वेळी माऱ्यात येतात आणि मोह तेथेच होतो. काळा एफ२ वर उंटाचा बळी देऊन शह देतो. राजाने तो उंट मारल्यास काळा घोडा ई४ वरील प्यादे मारून पुन्हा शह देतो आणि वजिराला एच४ ची वाट मोकळी होते. राजा एफ१ वर सरकल्यास काळा वजीर ई७ वर येतो व कोपऱ्यातला हत्ती सोडून देतो. या गुंतागुंतीत पटासमोर बसून अचूक चाल शोधणे दोघांनाही कठीण जाते.

त्यामुळे पांढऱ्यासाठी अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे तेच प्यादे उंटाने मारून शह देणे. राजा ई७ वर येताच काळ्याचा किल्लेकोटाचा (राजा व हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित करण्याचा) हक्क जातो आणि उंट मागे घेऊनही पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त राहते. मोबदल्यात काळ्याच्या हत्तीला एफ-स्तंभ आणि मोहऱ्यांना वेग मिळतो. हा मोबदला पुरेसा मानणे धाडसाचे ठरेल. शिवाय हा प्रतिहल्ला काळ्याच्या एकट्याच्या इच्छेवर अवलंबून नाही, कारण चौथ्या खेळीत पांढऱ्याने घोड्याऐवजी डी३ वर प्यादे सरकवले, तर त्याचा प्रसंगच येत नाही.