पार्श्वभूमी : ठाण्याच्या गावपाड्यांतील मुलांचा धसका

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ‘याला ठाण्याला न्यावं लागेल’ असे कुणी म्हटले, तर ठाण्यात नेमके कुठे हे विचारावे लागत नाही. १९०१ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि १८५० मंजूर खाटांच्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाने शहराच्या नावालाच हा अर्थ चिकटवला. त्या काळच्या कायद्यांचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर असल्याने पुरानंतर, मारहाणीनंतर किंवा अत्याचारानंतर गप्प झालेले आठ वर्षांचे मूल त्या व्यवस्थेच्या खिजगणतीतही नव्हते.

गावाकडे मात्र त्यासाठी शब्द होता. पोराने ‘धसका घेतला’ की ते जेवत नाही, झोपेत किंचाळते, अंथरूण ओले करते आणि आईचा पदर सोडत नाही, हे घरातली म्हातारी माणसे ओळखत आणि भगताकडे जात. भगत तांदूळ पाहतो, तेव्हा सारे घर भोवती बसलेले असते. घरातल्या सर्वांसमोर मुलाच्या भीतीला नाव मिळणे ही लहानसहान गोष्ट नव्हे, त्यामुळे या रिवाजाची निव्वळ टिंगल करणे मला पटत नाही. परंतु इजा करणारा घरातला किंवा मालकाचा माणूस असेल, तेव्हा दोष भुतावर किंवा भुताळी ठरवलेल्या एखाद्या बाईवर ढकलला जातो आणि मूल पुन्हा त्याच माणसाच्या हाती राहते.

मुलांच्या मनाचा स्वतंत्र विचार करणारे देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने सुरू केले, पण ते शहरापुरते राहिले. गावाच्या दृष्टीने १९४५ हे साल अधिक महत्त्वाचे आहे. त्या वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात किंवा गुरे चारण्याच्या कुरणात जावे, या विचारातून अंगणवाडी आणि कुरणशाळा निघाल्या. तो प्रयोग शिक्षणाचा होता, मानसोपचाराचा नव्हे. तरीही दुर्गम पाड्यावरच्या मुलापर्यंत कसे पोहोचावे याचा त्याच्याइतका चांगला धडा या जिल्ह्यात दुसरा नाही.

भयंकर प्रसंगानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाला ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे नाव मनोविकारांच्या अमेरिकेतील वर्गीकरणात १९८० मध्ये मिळाले आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळे निकष यायला २०१३ उजाडले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ‘मनाचा डॉक्टर’ मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर आला. आपत्तीनंतर अन्नधान्यापलीकडेही काही द्यावे लागते, ही जाणीव महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने ठळक केली.

त्यानंतरची दारे कायद्याने उघडली. लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि पुढच्याच वर्षी अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेत आर्थिक मदतीच्या जोडीला समुपदेशन आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दाखल मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक केले. मधल्या काळात, १ ऑगस्ट २०१४ रोजी, जव्हार, मोखाडा, डहाणू हे तालुके पालघर जिल्ह्यात गेले. मनोरुग्णालय ठाण्यातच राहिले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री नवी मुंबईपासून फार दूर नसलेल्या, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. सिडकोने वाचलेल्यांसाठी घरे बांधली. घर मोजता येते. पहिल्या जोरदार सरीला मूल आईला का बिलगते, याचा रकाना पुनर्वसनाच्या तक्त्यात सहसा नसतो.

आघातग्रस्त मुलांसाठी जगभर सर्वाधिक अभ्यासली गेलेली उपचारपद्धती मूल आणि पालक दोघांना बरोबर घेते आणि तिला साधारण १२ ते १६ बैठका लागतात. इथल्या कातकरी कुटुंबांचे वेळापत्रक निराळे आहे. दिवाळीनंतर बिऱ्हाड वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मोठी मुले विटा उलटतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या पटावर असलेले मूल त्या सहा-सात महिन्यांत दुसऱ्याच तालुक्यात असते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, मात्र भट्टीवरच्या झोपडीत फोन बहुधा एकच असतो आणि तो बापाच्या खिशात असतो.