संमिश्र वाहतूक : सिग्नलच्या चौकाचे प्रतिमान

दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस, टेम्पो आणि सायकली लेनची रेघ न पाळता सिग्नलला कशा थांबतात आणि सिग्नल सुटल्यावर कशा निघतात, हे गणितात किंवा संगणकावर मांडणे म्हणजे संमिश्र वाहतुकीचे प्रतिमान. हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, चौकाच्या तोंडाशी रस्ता किती रुंद हवा, हे त्यावरून ठरते.

या शास्त्राचा पाया ब्रिटनमध्ये घातला गेला. एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली सिग्नलच्या वेळा ठरवण्याची पद्धत मांडली. हिरव्यात रांग सलग सुटत असताना रस्त्याच्या दर मीटर रुंदीमागे तासाला ५२५ मोटारी जातात, हा त्यातला मूळ आकडा. इतर वाहने मोटारीच्या मापात मोजायची : बस एकाहून जास्त, दुचाकी साधारण अर्धी किंवा त्याहून कमी. भारतात ही पद्धत बराच काळ जशीच्या तशी वापरली गेली. पुढे दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशभरातल्या मोजणीवरून २०१७ साली रस्त्यांच्या वहनक्षमतेची भारतीय नियमपुस्तिका तयार केली. ते फार आधी व्हायला हवे होते.

कारण आपल्याकडचा चौक मुळातच वेगळा वागतो. लाल दिवा लागलेला असताना पुण्यातल्या कोणत्याही गर्दीच्या चौकात पाहावे. बस आणि मोटार यांच्यात जेमतेम हँडल मावेल एवढी फट असते; तिच्यातून एकेक दुचाकी पुढे सरकते आणि मिनिटभरात स्टॉप लाइनवर, बहुतेकदा झेब्रा पट्ट्यांवरच, दुचाक्यांची फळी उभी राहते. आडव्या रस्त्याचा पिवळा दिसताच ती हलू लागते. लेनने चालणाऱ्या वाहतुकीत हिरव्याचे पहिले दोन-तीन सेकंद वाहने हलण्यातच जातात; इथे मात्र पहिल्याच सेकंदांत सर्वांत मोठा लोंढा सुटतो, मग मोटारी-बसची मंद रांग येते. त्यामुळे दुचाकी म्हणजे मोटारीचा अमुक हिस्सा, असा एक ठरीव भारांक देऊन भागत नाही. ती रांगेत पुढे आहे की बसच्या मागे अडकली आहे, यावर तिचा हिशोब बदलतो.

चालकाचे वागणे मांडताना पुढच्या गाडीमागे ठरावीक अंतर राखून जाणारी गाडी हे जुने गृहीतक. जर्मनीत विडेमन यांनी १९७४ साली त्यात चालकाच्या जाणिवेच्या मर्यादा आणल्या : अंतरातला किंवा वेगातला बारीक फरक त्याला कळतच नाही. नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी १९९२ साली रस्त्याची ७.५ मीटर लांबीची घरे पाडली, एका घरात एक मोटार. त्या घरात आपल्या तीन-चार दुचाक्या सहज मावतात. म्हणून आपल्याकडच्या प्रतिमानांत रस्त्याची रुंदी अरुंद पट्ट्यांत विभागतात आणि पुढच्या अंतराइतकेच बाजूच्या फटीलाही महत्त्व देतात. मुंबईच्या आयआयटीतही या पद्धतीवर काम झाले आहे.

पिवळा लागल्यावर थांबायचे की काढायचे, हा चालकाचा सर्वांत अवघड क्षण. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदाच्या प्रतिसादानंतर बेताने ब्रेक लावून सुमारे ४६ मीटरमध्ये थांबते. तीन सेकंदांच्या पिवळ्यात ती सुमारे ४२ मीटरच जाते. स्टॉप लाइनपासून ४२ ते ४६ मीटरमध्ये सापडलेल्या चालकाला धड थांबता येत नाही, धड पिवळ्यात पोचताही येत नाही. या कोंडीचे गणित गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी १९६० साली मांडले. संमिश्र वाहतुकीत ती कोंडी प्रत्येक वाहनाची वेगळी : भरलेल्या बसची लांब, दुचाकीची आखूड. मोटारीने ब्रेक मारला आणि मागच्या दुचाकीने काढायचे ठरवले की धडक तिथेच होते.

प्रतिमान खरे ठरवायला चौकाशेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून चित्रीकरण करून प्रत्येक वाहनाचा मार्ग, वेग आणि बाजूची फट मोजतात. एका चौकात जुळवलेले आकडे दुसऱ्या चौकात चालतीलच असे नाही. चढ असेल, तोंडाशीच बसथांबा असेल किंवा कडेला रिक्षांची रांग असेल, तर मोजणी नव्याने करावी लागते.