चमचाभर पाण्याने तिळाचं वाटण घट्ट का होतं?

तिळाचं सॅलड ड्रेसिंग घरी पहिल्यांदा करणाऱ्याच्या वाट्याला एक क्षण हमखास येतो. भाजलेले तीळ मिक्सरमध्ये वाटून तेल सुटलेलं असतं, वाटण सरसरीत झालेलं असतं, चमच्यावरून त्याची धार पडत असते. आता ते थोडं पळीवाढं करावं म्हणून चमचाभर पाणी किंवा लिंबाचा रस घालून ढवळायला जावं, तर पातळ व्हायचं सोडून ते आळायला लागतं. आणखी थोडं ढवळलं की चमचा उभा राहील इतका घट्ट, कोरडा दिसणारा गोळा होतो. बहुतेक जण इथे घाबरतात. कुणी घाईघाईने तेल ओततं, कुणी सगळं टाकून देतं. तिळाच्या वाटणाला पाणी लागलं की ते नासतं, हा समज यातूनच पक्का झाला आहे. गेल्या काही दिवसांत तो मला इतक्या जणांनी इतक्या ठामपणे ऐकवला, की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नासलेलं काहीच नसतं. आपण फक्त अर्ध्या वाटेवर थांबलेलो असतो, आणि त्या अर्ध्या वाटेवर जे घडतं ते फार सुंदर आहे.

आधी हे वाटण म्हणजे काय ते पाहू. तिळाच्या वजनात साधारण निम्मं तेल असतं, पाचवा हिस्सा प्रथिनं, बाकी तंतू, शर्करा, खनिजं आणि थोडं पाणी. दाण्याच्या पेशींमध्ये हे तेल मोकळं नसतं. ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या पिशव्यांमध्ये भरलेलं असतं, आणि प्रत्येक पिशवीभोवती प्रथिनांचं नाजूक आवरण असतं. भाजताना पाणी उडून जातं, दाणा ठिसूळ होतो. मिक्सरच्या पात्याखाली पिशव्या फुटतात. म्हणून आधी भुकटी, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा ओलसर लगदा आणि मग पाहता पाहता वाहणारं वाटण, असे टप्पे दिसतात. शेवटी हाती येतं ते तेलात तरंगणाऱ्या बारीक कणांचं मिश्रण. आपल्या डोळ्यांना ते एकजीव दाट द्रव वाटतं, आणि इथेच आपली गफलत होते. ते द्रव नाही, ती तेलात भिजलेली वाळू आहे.

वाळू म्हटल्यावर किल्ल्याकडे जाऊ. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, ती ओघळते. पाण्याखालच्या वाळूचाही होत नाही. किल्ला होतो तो दमट वाळूचा. दोन कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे पाण्याचा छोटासा पूल तयार होतो. पृष्ठताणामुळे त्या पुलाला आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो, म्हणून तो दोन्ही कणांना जवळ ओढून धरतो. केशनळीत पाणी वर चढतं त्याच्याच कुळातली ही घटना, केशाकर्षणाची.

वाटणात कणांभोवती हवेऐवजी तेल आहे, एवढाच फरक. तिळाच्या कणांचे पृष्ठभाग प्रथिनं आणि तंतूंचे, म्हणजे पाण्याची ओढ असलेले. ते तेलात राहतात, कारण तिथे दुसरं काही नसतं. पहिला चमचा पाणी येताच ते त्याला बिलगतात. पाणी इतकं थोडं असतं की साऱ्या कणांना पुरत नाही. मग ते जिथे दोन कण टेकलेले असतील त्या सांध्यांत जाऊन बसतं. सांध्यासांध्यात पूल बांधले जातात आणि भांडंभर एकच जाळं तयार होतं. मघापर्यंत एकमेकांवरून घसरणारे कण आता एकमेकांना धरून बसतात. कण थोडे फुगतातही, कारण प्रथिनं आणि तंतू पाणी पितात, पण इतक्या झटपट येणारा घट्टपणा मुख्यतः या पुलांचा.

या पुलांची ताकद किती? तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण अंदाजे 20 मिलिन्यूटन प्रति मीटर धरू. कणाची त्रिज्या 10 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग धरू, आणि तो पाण्याने पूर्ण भिजतो असंही मानू. पुलाचं बल म्हणजे साधारण दोन गुणिले π (पाय, सुमारे 3.14) गुणिले ताण गुणिले त्रिज्या. हिशोब केला तर ते कणाच्या स्वतःच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भरतं. मला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा खरा वाटेना, म्हणून मी तो पुन्हा करून पाहिला. लहान जगात गुरुत्वाकर्षणाला कुणी विचारत नाही, तिथे पृष्ठताणाचं राज्य असतं.

याच्या पुढची गोष्ट जरा किचकट आहे, पण सोडवत नाही. समजा वाटण अधिक बारीक केलं आणि कणाची त्रिज्या निम्मी झाली. वरच्या सूत्राप्रमाणे एका पुलाचं बल निम्मं होतं. पण तेवढ्याच आडव्या छेदात आता चौपट पूल मावतात. निम्मं गुणिले चार, म्हणजे एकूण पकड दुप्पट. म्हणून जाडसर, रवाळ वाटणापेक्षा रेशमासारखं बारीक वाटलेलं वाटण पाणी लागल्यावर जास्त जोराने आळतं. ज्याचा गोळा अगदी दगडासारखा होतो, त्याने वाटण चांगलं केलेलं असतं!

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की त्याचा खरखरीत गोळा होतो, तोही याच जातीचा प्रकार. तिथे साखरेचे कण पाण्याला बिलगतात. स्वयंपाकघरात हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलं असलं, तरी याचं नेमकं विवेचन अगदी अलीकडचं आहे. एरिन कूस आणि नॉर्बर्ट विलेनबाखर या जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या संशोधकांनी 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या मिश्रणात त्या द्रवाशी न मिसळणारा दुसरा द्रव किंचितसा घातला, तर वाहणारं मिश्रण जेलीसारखं होऊ शकतं.

आता अर्धी वाट ओलांडू. न घाबरता आणखी पाणी घालत, ढवळत राहायचं. गोळा आधी तुटक होतो, तेल सुटल्यासारखं दिसतं, गुठळ्या होतात. हा सगळ्यात कुरूप टप्पा. मग दोन-तीन चमच्यांच्या अंतरात एकदम काहीतरी उलटतं आणि समोर मऊ, फिकट, गुळगुळीत ड्रेसिंग असतं. उलटलेलं असतं ते आतलं आणि बाहेरचं. आतापर्यंत तेल सलग होतं आणि पाणी सांध्यांत अडकलेलं. आता पाणी सलग झालं आणि तेल थेंबाथेंबांत वाटलं गेलं. याला पायस म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द वापरायचा तर इमल्शन. पायसीकारक पदार्थ, म्हणजे पायस टिकवून धरणारा पदार्थ, ज्या द्रवाकडे अधिक झुकतो तो द्रव सलग राहतो, असा नियम विल्डर बँक्रॉफ्ट यांनी 1913 साली मांडला होता. तिळाचे कण पाण्याकडे झुकलेले, म्हणून पुरेसं पाणी मिळताच ते बाहेरची जागा पाण्याला देऊन टाकतात.

तेल थेंबांत वाटणं म्हणजे केवढा पसारा, तेही बघण्यासारखं आहे. 50 मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग तळहाताच्या आसपास, 66 चौरस सेंटिमीटर. त्याच तेलाचे 5 मायक्रोमीटर त्रिज्येचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग 30 चौरस मीटर होतो, एका ऐसपैस खोलीच्या जमिनीएवढा. एवढी सीमा उघडी ठेवणं तेल-पाण्याला परवडत नाही. संधी मिळताच थेंब एकमेकांत मिसळून वर तवंग धरतात. तेल आणि व्हिनेगर नुसतं बाटलीत हलवलं तर ते थोड्याच वेळात वेगळं होतं ते यामुळे. तिळाच्या ड्रेसिंगमध्ये मात्र या 30 चौरस मीटरना पांघरूण मिळतं. विरघळलेली प्रथिनं थेंबांभोवती साय धरतात आणि अतिबारीक कण सीमेवर चिलखतासारखे जडतात. बारीक कणसुद्धा पायस टिकवू शकतात हे वॉल्टर रॅम्सडेन यांनी 1903 मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी 1907 मध्ये नोंदवलं होतं. म्हणून या ड्रेसिंगला अंडं लागत नाही, वेगळी पावडर लागत नाही. पायस करणारा आणि पायस होणारा दोघेही त्या एकाच दाण्यातून येतात.

रंग उजळतो तोही याच थेंबांमुळे. लिंबामुळे वाटण ‘ब्लीच’ होतं असं सांगितलं जातं, पण नुसत्या पाण्यानेही ते उजळतं. प्रकाश किती वळतो ते सांगणारा अपवर्तनांक तेलाचा सुमारे 1.47, पाण्याचा 1.33. असंख्य थेंबांच्या सीमांवर प्रकाश वळतो, विखुरतो आणि पांढरा होऊन परत येतो. दुधाचा पांढरेपणा बहुतांशी असाच.

ड्रेसिंगच्या निमित्ताने काही दावेही कानावर येतात. काळे तीळ खाल्ले की पांढरे केस काळे होतात, याला आधार नाही. केसाचा रंग मुळाशी असलेल्या रंगपेशी ठरवतात, दाण्याचं साल नव्हे. तिळात दुधाच्या आठपट कॅल्शियम असतं हे आकड्यात खरं, 100 ग्रॅम अख्ख्या तिळात जवळपास 975 मिलिग्रॅम. पण चमच्यात बसतात 9 ग्रॅम, आणि ते कॅल्शियम बहुतांशी सालात असतं, ऑक्झॅलेट या क्षाराने बांधलेलं, शरीराला सहज न मिळणारं. साल काढलेल्या तिळात त्यातलं थोडंच उरतं. ‘फॅट-फ्री’ ड्रेसिंगचा गवगवा तर मला सरळ दिशाभूल वाटतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, बिनतेलाच्या ड्रेसिंगसोबत सॅलड खाणाऱ्यांच्या रक्तात भाज्यांमधली कॅरोटिनॉइड्स जवळजवळ पोहोचलीच नव्हती. ही रंगद्रव्यं तेलात विरघळणारी. तेल काढून टाकलं की गाजराचा मोठा फायदा ताटातच राहतो.

करायचं कसं? 100 ग्रॅम तीळ जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर हलवत भाजावेत. खमंग वास येतो तो शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेतून. लुई कामीय मेयार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. दाणे तडतडायला लागले, सोनेरी झाले की लगेच उतरवावेत, कारण यापुढे कडवटपणा येतो. भाजताना तिळातल्या सेसॅमोलिन या द्रव्यापासून सेसॅमॉल तयार होतं आणि ते तेल खवट व्हायला उशीर लावतं. निवल्यावर तीळ वाटावेत, मिक्सर अधूनमधून थांबवून कडा खाली ढकलाव्यात. मग 2 मोठे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, दीड मोठा चमचा सोया सॉस, 2 लहान चमचे साखर आणि किसलेलं आलं घालावं. गोळा होईल, होऊ द्यावा. आता पाणी चमच्याचमच्याने घालत फेटावं. 3 ते 5 मोठे चमचे लागतात. भाजलेल्या तिळाचं तेल लहान चमचाभर, अगदी शेवटी, वासापुरतं.

ड्रेसिंग फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावं, लसूण घातला असेल तर नक्कीच. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला तर हवा नसलेल्या त्या जागेत बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात. घरचं आहे म्हणून सुरक्षित, असं जिवाणू मानत नाहीत. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी त्यात तीळ आहेत हेही सांगावं. तिळाची ॲलर्जी गंभीर असू शकते. अमेरिकेत 2023 पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे.

दुसऱ्या दिवशी बरणी उघडली तर ड्रेसिंग पुन्हा आळलेलं दिसेल. कणांनी रात्रभर पाणी प्यायलेलं असतं. आता चमचाभर पाणी घालून बघा, ते लगेच, निमूटपणे पातळ होतं. कालचा गोळ्याचा टप्पा येत नाही, कारण आता पाणी बाहेर आहे आणि तेल आत. थोडं ड्रेसिंग वाटीत वेगळं काढून त्यात पाण्याऐवजी तेल घालत फेटा. थेंबांची दाटी वाढत जाईल, आणि काल ज्या तेलाने वाटण पातळ होत होतं त्याच तेलाने ते घट्ट होईल.