समद्यांना एकदम घे: कोल्हापुरातल्या रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीतल्या एका तळघरातल्या स्टुडिओत आम्ही सहा जण चार गाणी करायला गेलो. पेटी माझी. ढोलकी, क्लॅरिनेट, बेस गिटार, हलगी आणि गायक ही बाकीची मंडळी. रेकॉर्डिस्ट पोरगा चुणचुणीत. त्यानं सवयीनं विचारलं, "पहिल्यांदा कोण येणार? एकेकाला घेतो." आमचे ढोलकीवाले आबा सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "एकेकाला घ्यायला आम्ही काय रक्त तपासायला आलोय व्हय? समद्यांना एकदम घे की."

पोरगं हसलं, पण त्याच्या पोटात गोळा आल्याचं दिसलं. सगळे एकदम वाजवणार म्हणजे ढोलकी गायकाच्या माइकात गळणार, क्लॅरिनेट पेटीच्या माइकात. मग एकाची चूक काढायची तर सगळ्यांनाच पुन्हा वाजवावं लागणार. आजच्या रेकॉर्डिंगची सगळी मांडणी ही भीती टाळण्यासाठीच झालेली आहे. आबांच्या आधीच्या पिढ्यांनी मात्र याच भीतीत उभा जन्म काढला.

खरं तर या गावानं सांभाळलेल्या सगळ्यांत मोठ्या गवयानं रेकॉर्डिंगला पाठच दाखवली. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँ साहेब आले ते १८९५ च्या सुमारास. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये वारले. या काळात ग्रामोफोन घरोघरी पोचला, पण खाँसाहेबांची एकही तबकडी निघाली नाही. जयपूर-अत्रौली गायकीतल्या विलंबित ख्यालाचा पहिला पेच उलगडेपर्यंतच तीन मिनिटं सरतात, आणि तेव्हाची तबकडी संपायची तीन-साडेतीन मिनिटांत. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी मात्र तबकड्या दिल्या. त्यातली साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. गुरूचा आवाज गल्लीत ऐकायला नाही आणि शिष्येचा सूर्यमालेच्या वेशीबाहेर, असा हा हिशेब आहे.

त्या तबकड्यांच्या सुरुवातीच्या काळात माइक नव्हताच. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान गायल्या त्या एका भोंग्यात तोंड घालून. भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला सुई, आणि ती मेणाच्या चकतीवर थेट रेघ ओढायची. गाणं संपलं की गाणारीनं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, कारण तबकड्या निघायच्या जर्मनीत आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. साथीदारांचे हाल वेगळेच. भोंग्याला खालचे आवाज धडपणे पकडता यायचे नाहीत, त्यामुळे डग्गा जवळजवळ गायबच. जुन्या तबकड्या ऐकताना तबलजी शेजारच्या वाड्यात बसल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. १९२५ नंतर विजेवर चालणारा माइक आला आणि तबलजी परत खोलीत आला.

हा माइक कोल्हापुरात कामाला लागला तो सिनेमामुळे. बाबूराव पेंटरांनी इथं मूकपट काढले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि ६ फेब्रुवारी १९३२ ला 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. 'मानापमान'च्या चाली देणारा, पेटीवर बोटं ठेवली की ऐकणारा हलणार नाही असा हा माणूस. अल्लादियाखाँ साहेबांच्या सहवासात राहून त्यांचं चरित्र लिहिणाराही तोच. खाँसाहेबांनी जे यंत्र टाळलं त्याच्यासमोर टेंबे मुकुट घालून उभे राहिले. बोलपट हिंदीतही निघाला, त्याच नटसंचात. म्हणजे गाणीही दोनदा, दोन भाषांत.

तेव्हाचं गाणं कसं व्हायचं हे आजच्या वादकानं जरा डोळ्यांसमोर आणावं. नट कॅमेऱ्यासमोर गात गात अभिनय करतोय. वादक चौकटीबाहेर, झाडामागं नाहीतर पडद्याआड. माइकही असाच कुठंतरी दडवलेला. आवाज फिल्मवर छापला जायचा, त्यामुळे टेक बरा झाला की नाही हे फिल्म धुऊन आल्यावर कळायचं. लगेच ऐकून बघायची सोयच नाही. तबलजीची एक मात्रा घसरली की नटाचं रडणंही वाया, प्रकाशयोजनाही वाया आणि फिल्मही वाया. फिल्म महाग होती.

आवाज कमीजास्त करायला प्रत्येक वाद्याचं वेगळं बटण नव्हतं. क्लॅरिनेट जास्त येतंय? सरक मागं. सारंगी ऐकू येत नाही? ये पुढं. आज ज्याला मिक्सिंग म्हणतात ते तेव्हा सतरंजीवर व्हायचं. कोणी कुठं बसायचं हे मानानुसार ठरत नव्हतं, वाद्याच्या दणक्यानुसार ठरायचं. त्यावरून रुसवेफुगवे झाले नसतील असं मला वाटत नाही. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांकडे होती. मूळचा चित्रकार आणि कारागीर असलेला हा माणूस ध्वनियंत्र शिकला. माझ्या मते कोल्हापूरच्या संगीताच्या इतिहासात त्यांचं नाव गवयांच्या रांगेत घ्यायला हवं. घेत मात्र कोणी नाही.

पुढं दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सनं पार्श्वगायन आणलं. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, नटानं नंतर ओठ हलवायचे. वादक झाडामागून उठला आणि बंद खोलीत गेला. त्याला खुर्ची मिळाली, पंखा मात्र मिळाला नाही, कारण पंख्याचा आवाज माइकात येतो. (आमच्या तळघरातही टेक सुरू झाला की एसी बंद. नव्वद वर्षांत एवढं एक बदललेलं नाही.)

कोल्हापुरात सिनेमा तरीही चालू राहिला. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स इथंच होती आणि वडील गेल्यानंतरची काही वर्षं लता मंगेशकर त्यांच्याकडे नोकरीला होत्या. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, त्याही गेल्या. याच गावात १९१९ मध्ये जन्मलेले आणि वामनराव पाध्यांकडे शिकलेले सुधीर फडके बाहेर जाऊन मोठे झाले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पण गाण्यांचा ओढा एव्हाना पुण्या-मुंबईकडे वळला होता. पुढं भालजींच्या चार चित्रपटांना लताबाईंनी 'आनंदघन' या नावानं चाली दिल्या, आणि जयप्रभाची मालकीही त्यांच्याकडेच आली. तो वाचवा म्हणून २०२२ मध्ये गावानं आंदोलन केलं. तोवर वाद्यवृंदाची खोली म्हणून त्याची ओळख लोक विसरलेच होते.

म्हणून मधली कितीतरी वर्षं कोल्हापूरच्या वादकासाठी रेकॉर्डिंग म्हणजे प्रवास. सांगली आकाशवाणी जवळची, बाकी रात्रीची एसटी नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि जोतिबाची गाणी, अंबाबाईची गाणी, धनगरी ओव्या, लावण्या यांचा पूर आला. आबा त्या पुरात पोहलेले. मांडीवर ढोलकी घेऊन रात्रभर प्रवास, सकाळी स्वारगेटला चहा, दहाला स्टुडिओत. साठ मिनिटांची कॅसेट, दोन बाजू, आठ गाणी, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आवरायचं. सगळे एका खोलीत, सगळं एकदम. ठरलेल्या पैशातले निम्मे हातात पडायचे. कंपनीचं नाव आबा आजही घेत नाहीत, फक्त थुंकल्यासारखं करतात.

त्यातला एक किस्सा ते हमखास सांगतात. सातव्या गाण्यात अंतऱ्याआधी त्यांची एक मात्रा पडली. परत घेऊ म्हणाले तर रेकॉर्डिस्टनं घड्याळ दाखवलं. कॅसेट तशीच निघाली आणि चालली. दोन वर्षांनी एका जत्रेत ऑर्केस्ट्राचा कोवळा ढोलकीवाला तेच गाणं वाजवत होता, आणि अंतऱ्याआधी ती मात्रा त्यानं नेमकी तशीच पाडली. आबांनी विचारलं तर म्हणाला, "ती स्टाइल हाय, वस्ताद."

नव्वदीनंतर संगणक आला आणि चूक एकट्याची झाली. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, कानात क्लिक (ठरलेल्या लयीची यांत्रिक टकटक), चुकलं तर तेवढीच जागा पंच करायची, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून बसवायचा. फायदे खरेच आहेत. आज राजारामपुरीतल्या तळघरात दोन माइक आणि एक संगणक यांवर जे होतं त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. दिवसभराचं भाडंही आमच्यासारख्यांना परवडतं. पण क्लिकचं आणि आमच्या वाजवण्याचं एका बाबतीत जमत नाही. लेझीमच्या साथीला वाजणाऱ्या हलगी-घुमकं-कैताळाची लय चढते. ती चढायलाच हवी, लेझीमवाल्याचे पाय तिच्यावरच उठतात. क्लिकच्या लेखी मात्र ती चूक ठरते.

आमच्या पहिल्या गाण्यात हेच झालं. क्लिक मिनिटाला ९६ वर लावलेली. हलगीवाला पोरगा दोन कडव्यांपर्यंत हेडफोन सांभाळून वाजवत होता, पण चेहरा शाळेत कोंडल्यासारखा. तिसऱ्या कडव्याला त्यानं एक कान मोकळा केला आणि सुटला. आम्हीही सुटलो. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून हात वर केले. ऐकून बघितलं तर गाणं संपताना लय १०४ च्या आसपास पोचलेली. त्यानं विचारलं, "सरळ करून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे." सगळ्यांचे आवाज एकमेकांत गळलेले असल्यानं ते पाच मिनिटांचं काम नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "फुडल्याला त्ये टकटक बंद कर."

पुढचं गाणं मात्र अर्धा तास अडलं. पावसानं हलगीचं कातडं उतरलं होतं आणि तळघरात जाळ करायची सोय नाही. पोरगा वर पार्किंगमध्ये जाऊन रद्दी पेटवून हलगी शेकत बसला. वॉचमन धावत आला. शेकता शेकता पोरगा दोन बोटांनी टिचकी मारून बघायचा, कान लावायचा, पुन्हा जाळावर धरायचा. तिसऱ्या टिचकीला कडक टणत्कार आला तशी वॉचमननंच मान हलवली आणि म्हणाला, "हां, आता जावा."