गळफांदी कापायची की शेंडा खुडायचा?

“कपाशीची कटिंग झाली का?” असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो, “कोणती?” आमच्या खानदेशात चोपड्यापासून साक्रीपर्यंत दोन अगदी वेगळ्या कामांना हा एकच शब्द चालतो. एक काम झाडाच्या बुडाशी, लागवडीनंतर सव्वा-दीड महिन्यानं. दुसरं झाडाच्या डोक्यावर, अडीच-तीन महिन्यांनी. पहिलं आहे गळफांदी काढणं, दुसरं शेंडा खुडणं. यांची अदलाबदल केली तर काय होतं ते मी स्वतःच्या वावरात पाहिलंय.

आधी फांदी ओळखू, कारण सगळा घोळ तिथंच होतो. कपाशीला दोन जातींच्या फांद्या येतात. गळफांदी खालच्या पेरांतून निघते, साधारण पाचव्या-सहाव्या पेरापर्यंत, आणि खोडाला लगटून सरळ वर चढते. लांबून पाहिलं तर एका बुडाला दोन-तीन खोडं फुटल्यासारखी दिसतात. तिच्यावर थेट पातं, म्हणजे फुलाची कळी, लागत नाही. आधी तिला पोटफांद्या फुटणार, मग त्यांच्यावर पाती येणार. फळफांदी त्याच्या वरच्या पेरांतून निघते आणि आडवी जाते. दर पेराला ती थोडी वळते, म्हणून नागमोडी दिसते, आणि प्रत्येक पानासमोर एक पातं असतं. बोट फिरवलं तरी कळतं: सरळ लागली तर गळफांदी, पेरापेराला मोडत गेली तर फळफांदी.

फळफांदीचा हिशेब मोठा नेमका असतो. खालच्या फांदीवर पहिलं फूल उमललं की साधारण तीन दिवसांनी वरच्या फांदीवरचं पहिलं फूल उमलतं. त्याच फांदीवरच्या दुसऱ्या फुलाला मात्र सहाएक दिवस लागतात. खोडाजवळच्या पहिल्या जागेवरचं बोंड सहसा सगळ्यात वजनदार भरतं. पातं दिसल्यापासून फूल व्हायला तीन आठवडे आणि फुलापासून बोंड फुटायला दीड-पावणेदोन महिने धरा. गळफांदीवरचा माल पोटफांद्यांच्या फेऱ्यामुळे मागे पडतो. गुलाबी बोंडअळीचा जोर हंगामाच्या शेवटी वाढतो, आणि हा मागचा माल बरोबर तिच्या तोंडी जातो. २०१७ चा हंगाम आठवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून गळफांदी पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान, कोवळी असताना, कात्रीनं खोडाजवळून कापायची. ओढून तोडली तर खोडाची साल सोलते. तिच्या खालचं खोडावरचं पान तसंच ठेवायचं, ते झाडाला पोसतं. दोन महिने उलटल्यावर कापण्यात काही अर्थ नाही. तोवर झाडानं तिच्यात अन्न घातलेलं असतं आणि आपण ते बांधावर फेकतो.

शेंडा खुडण्याचा हेतूच वेगळा. झाडाचं टोक जिवंत असतं तोवर ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. टोक गेलं की दाब जातो. पंचाहत्तर-नव्वद दिवसांच्या झाडावर, साडेतीन-चार फूट उंची झाल्यावर, इंच-दोन इंच शेंडा नखानं खुडला तर उंच जाणं थांबतं आणि अन्न लागलेल्या कैऱ्यांकडे, म्हणजे हिरव्या बोंडांकडे, वळतं. हिरवी अमेरिकन बोंडअळी कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते, तीही थोडी निघून जातात.

हेच काम पंचेचाळिसाव्या दिवशी केलं तर? मी केलं होतं. “कटिंग करून घ्या” एवढंच ऐकून बाया लावल्या आणि शेंडे खुडून घेतले. टोकाचा दाब गेला, खालचे डोळे मोकळे झाले, आणि ज्या गळफांद्या कमी करायच्या होत्या त्याच जोमानं उसळल्या. पोळ्यापर्यंत तासातून, म्हणजे दोन ओळींच्या मधून, चालता येईना. फवारा वरच्या पानांवरच राहायचा, आतली पाती सावलीत गळायची.

आता अंतर. खरं तर ते आधी ठरतं, आणि कोणती कटिंग लागेल हे तिथंच ठरून जातं. चार बाय चार फुटांच्या चौफुलीत एकरी २,७२२ झाडं बसतात. तीन बाय एक फुटावर १४,५२०. तीन फुटी तासात अर्ध्या फुटावर एक झाड धरलं तर २९,०४०. सघन लागवडीत सांगतात ते ९० बाय १५ सेंटिमीटर म्हणजे जवळपास हेच. बोंडातला कापूस चार ग्रॅम धरू. तीन बाय एकवर दर झाडाला १५ बोंडं मिळाली तर कागदावर एकरी पावणेनऊ क्विंटलच्या आसपास बसतात. चौफुलीवर तेवढाच कापूस हवा असेल तर एका झाडावर ८० बोंडं लागतील. तुटाळी, गळ, अळी हे दोन्हीकडून वजा करा, पण प्रमाण तेच राहतं.

ही ८० बोंडं नुसत्या फळफांद्यांच्या पहिल्या-दुसऱ्या जागांवर मावत नाहीत. चौफुलीचं झाड गळफांद्यांच्याच जोरावर मोकळी जागा भरून काढतं. माझी दुसरी चूक इथली. गळफांदी काढून शेंडा खुडायच्या दादा लाड तंत्राचा गवगवा ऐकून चार बाय चारच्या वावरात सगळ्या गळफांद्या कापल्या. झाडं खांबासारखी उभी राहिली, मधे काळी जमीन उघडी, तिच्यावर तण माजलं, आणि कापूस शेजाऱ्यापेक्षा कमी निघाला. ते तंत्र दाट लागवडीबरोबर येतं, मी त्यातली अर्धीच गोष्ट उचलली होती.

चौफुलीला नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे संकरित वाण आलं. संकरित बियाणं महाग, झाड पसरट, म्हणून दाणा-दाणा मोजून लांब टोबायची पद्धत रुळली. त्याआधीची देशी कपाशी तिफणीनं दाटच पेरली जायची. शिवाय चौफुलीत बैलाचं कोळपं उभं-आडवं दोन्हीकडून चालतं आणि निंदणीची मजुरी वाचते. दाट लागवडीत ती सोय जाते आणि बियाण्याची पाकिटंही जास्त लागतात. हा खर्च आधी मोजा, मग कात्री घ्या.

माझं मत असं: तापीकाठची खोल काळी जमीन आणि ठिबक असेल, तर कपाशी माणसाच्या वर जायला बघते. तिथं तीन बाय एक, वेळेवर गळफांदी काढणं आणि नंतर शेंडा, तिन्ही एकत्र करावं. साक्री-पारोळ्याकडच्या मुरमाड, पावसाच्या भरवशावरच्या वावरात झाडं दाट लावली की गळफांद्या आपसूकच कमी येतात. तिथं ऑगस्टमध्ये खंड पडला की झाड स्वतःहून थांबतं, मग शेंड्यासाठी मजुरी कशाला घालायची? आणि चौफुली लावलीच असेल तर गळफांदीला हात लावू नका.

यात तिसरं नाव घुसतं ते मेपिक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या फवाऱ्याचं. त्यानं पेरं आखूड होतात, झाड बुटकं राहतं. टोक मात्र जिवंत राहतं, फक्त हळू वाढतं. सघन लागवडीत त्याचा उपयोग आहे, पण ताण पडलेल्या पिकावर मारला तर आधीच थांबलेलं झाड आणखी थांबतं. आणि गळफांदीचं काम तो करत नाही.

दरवर्षी कामाच्या पहिल्या दिवशी मी दोन फांद्या तोडून बायांना हातात देतो. तरी पाचव्या-सहाव्या पेराजवळ एखादी फांदी अशी निघते की मलाही लगेच सांगता येत नाही. मागच्या वर्षी तासाच्या मधूनच हाक आली, “भाऊ, हाई गळफांदी शे का फळफांदी?” जाऊन पाहिलं, तर ती पुरती सरळही नव्हती आणि आडवीही नव्हती. अशा फांदीला खूण म्हणून सुतळीचा तुकडा बांधतो आणि आठवडाभर सोडून देतो. पानासमोर पातं दिसलं तर सुतळी सोडायची, नाही दिसलं तर फांदी कापायची.